एकोणीस माशांचे त्रेपन्न झाल्याबाबत

अर्जदार:
चित्र-जुळवणी सहायक (कायम),
खोल समुद्र नोंद विभाग,
तळघर, खोली क्रमांक ४.
दिनांक: चालू महिन्याची २७

प्रति,
मा. संचालक,
सागरी जीव संरक्षण संचालनालय,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

(हा अर्ज 'योग्य मार्गाने' पाठवलेला नाही. योग्य मार्गाने पाठवलेले सहा अर्ज मोजणी अधिकाऱ्यांच्या टेबलापलीकडे गेलेले नाहीत. म्हणून जिने चढून स्वतः आणून दिला आहे.)

विषय: खोल समुद्रातील प्राचीन माशांची चुकीची संख्या रद्द करून जाळ्यांचे परवाने थांबवणे, ते जमत नसल्यास परिच्छेद १२ मधील कबुलीनुसार माझ्यावर कारवाई करणे.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज.
२) मोजणी अधिकारी यांचे ज्ञापन, चालू महिन्याची २१ तारीख.

महोदय,

१. मी आपल्या संचालनालयात बावीस वर्षे चित्र-जुळवणीचे काम करते. आपली भेट एकदाच झाली, सत्काराच्या दिवशी. तेव्हा आपण मला "तुम्ही त्या ठिपकेवाल्या बाई ना?" असे विचारले होते आणि मी हो म्हटले होते. सदर अर्ज लिहिताना माझ्या मनात आदरापेक्षा किळस जास्त आहे. ती मजकुरातून डोकावली तर क्षमा असावी. मी तीन वेळा खाडाखोड करून पाहिली, जात नाही.

२. ज्या माशाबद्दल हा अर्ज आहे त्याचे नाव सीलाकँथ. आपल्या खोलीबाहेर त्याचे प्लास्टिकचे मॉडेल लावलेले आहे, उलटे. या माशाचे कूळ चाळीस कोटी वर्षांपासून समुद्रात आहे. तो कधीच संपला असे धरून शास्त्रज्ञ त्याला फक्त दगडातल्या ठशांत बघत होते, आणि हा आपला निवांत जिवंत होता. आपल्या हद्दीतल्या समुद्रात तळाचा जो मोठा उतार आहे, तिथे दोनशे मीटर खाली कपारींमध्ये तो दिवसभर बसून राहतो. त्याचे पर मांसल आहेत आणि पोहताना तो ते आळीपाळीने हलवतो, म्हणून बोटवाले त्याला 'पायवाला' म्हणतात. मांस तेलकट, खाल्ले तर पोट बिघडते. इतकी वर्षे तो माणसाच्या तावडीतून वाचला त्याचे श्रेय या चवीला आहे. आपल्या वार्षिक अहवालात ते संचालनालयाला दिलेले आहे, ते मागे घ्यावे.

३. या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि कोणत्याही दोन माशांचे ठिपके सारखे नसतात. इतकेच नव्हे, एकाच माशाच्या डाव्या अंगावरचे ठिपके वेगळे आणि उजव्या अंगावरचे वेगळे. माझी सगळी नोकरी या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती आपण कृपया दोनदा वाचावी. दर हंगामात दोरखंडाला कॅमेऱ्याचे यंत्र बांधून कपारींपर्यंत सोडतात. त्याचे चित्रीकरण माझ्याकडे येते. मी त्यातला एकेक मासा थांबवून छापते आणि जुन्या चित्रांशी ठिपक्याला ठिपका लावून बघते. यासाठी दोन वह्या आहेत, एक डाव्या बाजूची आणि एक उजव्या बाजूची. संख्या मोजायची ती फक्त डाव्या वहीवरून. उजवी वही मदतीला. एखादा मासा कॅमेऱ्यासमोर वळला आणि दोन्ही बाजू एकाच चित्रीकरणात मिळाल्या, तर मी एक चिठ्ठी करते: 'डावी-७ म्हणजेच उजवी-४', सोबत दोन्ही बाजूंची छोटी चित्रे, आणि ती टाचणीने पानाला लावते. तिला आम्ही जोडचिठ्ठी म्हणतो. बावीस वर्षांत अशा सतरा चिठ्ठ्या झाल्या. उरलेले दोन मासे एकदाही वळले नाहीत. कपारीच्या तोंडाशी डावा गाल करून बसतात ते बसतातच. डाव्या वहीत पाने एकोणीस, उजव्या वहीत सतरा. मासे एकोणीस.

४. गेल्या वर्षी या वह्या संगणकात घालायचे ठरले. मला आनंदच झाला होता, हे नमूद करते. संगणकचालकाने सांगितले की टाचण्यांमुळे यंत्र अडकते. मोजणी अधिकाऱ्यांनी आदेश दिला की टाचण्या आणि चिठ्ठ्या काढून टाका. मी स्वतः बसून, नखाने, सतराच्या सतरा काढल्या. हे काम माझ्या हातून झाले आहे आणि मी ते दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. जोड्या संगणकात कुठे लिहायच्या असे मी विचारले, तेव्हा ते नंतर बघू असे उत्तर मिळाले. नंतर कोणी बघितले नाही. संगणकाने दोन्ही वह्यांची पाने एकत्र मोजली आणि सांगितले, मासे छत्तीस.

५. मी त्याच दिवशी दुपारी मोजणी अधिकाऱ्यांकडे जाऊन सांगितले की सतरा मासे दोनदा मोजले गेले. त्यांनी ऐकून घेतले, आणि संध्याकाळी वृत्तपत्रांना पत्रक पाठवले की संचालनालयाच्या अथक प्रयत्नांमुळे एका वर्षात माशांची संख्या नव्वद टक्क्यांनी वाढली. महोदय, हा मासा वयात यायला पन्नासेक वर्षे लागतात. आमच्याकडे एका वर्षात सतरा वाढले, तेही जन्मतःच पन्नाशीचे. एकालाही शंका आली नाही. उलट सत्कार ठरला. आपण आलात. माशाच्या आकाराचा केक होता, निळ्या क्रीमचा, त्यावर पांढऱ्या चॉकलेटचे ठिपके, दोन्ही बाजूंना अगदी सारखे. मोजणी अधिकाऱ्यांनी डोक्याकडून कापायला सुरुवात केली आणि सगळ्यांचे दात निळे झाले. मला प्रशस्तिपत्र मिळाले. मी तिथे उभी राहून टाळ्या वाजवल्या. त्या दिवसाबद्दल मला स्वतःची जेवढी किळस येते तेवढी आपल्यापैकी कोणाची येत नाही.

६. केकवर थांबले असते तर मी मूग गिळून गप्प बसले असते. पण आपल्याच नियमात लिहिले आहे की या माशाची संख्या तीसच्या वर गेली तर त्याचा 'अतिसंकटग्रस्त' हा दर्जा उतरवायचा आणि उतारावर खोल जाळी टाकायला परवाने द्यायचे. दर्जा उतरला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, म्हणजे आजपासून चौथ्या दिवशी, अकरा बोटी जाळी टाकणार आहेत. जाळे कपारीच्या तोंडावरून ओढले की आत बसलेला मासा घाबरून बाहेर येतो आणि त्यात अडकतो. इतक्या खोलातून वर आलेला मासा परत सोडला तरी जगत नाही. मासे एकोणीस होते. अकरा बोटींना एकोणीस मासे किती दिवस पुरतील याचे गणित मी केलेले नाही, मला करवत नाही.

७. म्हणून मी अर्ज करत गेले. पहिल्या अर्जाला सतरा जोडचिठ्ठ्या जोडल्या होत्या. आवक विभागाने त्या परत केल्या, कारण त्या विहित आकाराच्या कागदावर नव्हत्या. मी प्रत्येक चिठ्ठी मोठ्या कागदावर डकवून दुसरा अर्ज केला. तो अभिप्रायासाठी त्याच संगणकचालकाकडे गेला. त्याने सतराही कागद यंत्रात घातले. प्रत्येक कागदावर ठिपक्यांची चित्रे असल्याने संगणकाने ते सतरा नवे मासे धरले. संख्या त्रेपन्न झाली. आठ दिवसांनी मला अभिनंदनाचे पत्र आले. ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पत्राला पोच द्यावी लागते म्हणून दिली.

८. तिसऱ्या अर्जावर सुनावणी झाली. मोजणी अधिकाऱ्यांनी माझा अर्ज टेबलावर पसरला, त्यावर चहाचा कप ठेवला आणि पेनाच्या टोपणाने कान कोरत ऐकले. कोरून झाले की टोपण निरखून बघायचे आणि पुन्हा पेनाला लावायचे, असे चार वेळा झाले. शेवटी त्यांनी निर्णय दिला: माशाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतील असे एक चित्र सादर करावे, मग विचार करू. मी म्हटले, साहेब, आपल्या ओळखपत्रावर फक्त आपला चेहरा आहे, तरी आपल्या पाठीचा पगार वेगळा निघत नाही. सदर विधान माझ्या सेवापुस्तकात उद्धट वर्तन म्हणून नोंदवले आहे. चौथा अर्ज परत आला, कारण संख्या अक्षरी लिहिली होती, आकड्यात नव्हती. पाचवा विचाराधीन आहे.

९. चालू महिन्याच्या १२ तारखेला जाळ्यांची चाचणी झाली. परवाना मिळालेल्या एका बोटीने उतारावर जाळे सोडले. मला विभागाकडून बोलावणे आले नाही. बोटीच्या कप्तानाने स्वतः फोन केला. आमचे कॅमेऱ्याचे यंत्र पूर्वी त्याच्याच बोटीवरून सोडत, त्यामुळे तो मला ओळखतो. तो एवढेच म्हणाला, की बाई, लवकर या. मी धक्क्यावर पोचले तेव्हा ताडपत्रीवर ती पडली होती. पावणेदोन मीटर लांब, काट्यावर एक्क्याण्णव किलो. पाण्यात यांचा रंग निळा असतो, बाहेर मेल्यावर तपकिरी पडतो. ती अर्धी निळी, अर्धी तपकिरी होती. भोवती तीस-चाळीस माणसे मोबाईल घेऊन उभी. कोणीतरी तिच्या तोंडात विझलेली सिगारेट खोचली होती आणि बाकीचे हसत होते. आपल्या विभागाचे दोघे त्या हसणाऱ्यांत होते. कल्ल्याच्या झाकणामागे ओळीने तीन ठिपके आणि त्यांच्याखाली एक मोठा: ती डावी-७ होती. नोकरीला लागल्यावर मी केलेले पहिले पान तिचे, आधीची सहा माझ्याआधीच्या सहायकाची. मी सिगारेट काढली, तिच्याजवळ ओल्या फरशीवर बसले आणि रडले. अर्जात असे लिहीत नाहीत हे मला माहीत आहे.

१०. मग मला भान आले की हाच तो पुरावा, जो सुनावणीत मागितला होता. मी कप्तानाला सांगितले, हिला वळवा. चौघांनी मिळून तिला उलटी केली. उजव्या अंगावर उजवी-४ चे ठिपके होते, एकही कमी-जास्त नाही. मी दोन्ही बाजूंची चित्रे घेतली आणि धावत कार्यालयात आणली. संगणकचालकाने ती यंत्रात घातली. संगणकाने डावी-७ ओळखली आणि उजवी-४ ओळखली. मोजणी अधिकाऱ्यांनी पंचनाम्यात लिहिले: मृत मासे दोन. कप्तानाला सहीसाठी बोलावले. त्याने वाचून पेन खाली ठेवले आणि म्हणाला, "साहेब, मी एकच उचललाय. दुसरा असता तर माझ्या कमरेला कळलं असतं." त्याची सही न घेता पंचनामा पूर्ण केला. त्रेपन्नपैकी दोन म्हणजे चार टक्क्यांहून कमी, सबब नुकसान नगण्य, असा शेरा मारला. तिची जोडचिठ्ठी मात्र संगणकात अजून जिवंत आहे, तिसरा मासा म्हणून.

हे एवढ्यावर संपले नाही. मासा तपासणीसाठी कापला तेव्हा पोटात पिल्ले निघाली. हा मासा अंडी घालत नाही, पिल्ले पोटात वाढवतो. तेवीस होती. प्रत्येक वीतभरापेक्षा लांब, प्रत्येकाच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी, आणि अंगावर ठिपके आलेले. ती स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीने मांडली. मोजणी अधिकारी आले, त्यांनी नाकाला रुमाल लावून ट्रेकडे पाहिले आणि मला विचारले, "ही तेवीस यंदाच्या जन्मांत दाखवता येतील का?" मी बाहेर जाऊन भिंतीला धरून ओकले. तसा प्रस्ताव आपल्याकडे आला असेल तर तो माझ्या सहीशिवाय आला आहे.

११. सहाव्या अर्जात मी फक्त दोन ओळी लिहिल्या: समुद्रात आता अठरा मासे आहेत. जाळी थांबवा. त्यावर मला संदर्भ क्रमांक २ चे ज्ञापन मिळाले. त्यात म्हटले आहे की कार्यालयीन नोंदीनुसार एकावन्न मासे शिल्लक असताना आपण अठरा सांगता, नोंदवह्या आपल्या ताब्यात असतात, सबब उर्वरित तेहतीस संरक्षित माशांचे काय झाले याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा, अन्यथा ते आपणच नष्ट केले असे समजण्यात येईल. मी ज्ञापन घरी नेले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवले. माझे धाकटे दीर वकील आहेत, रविवारी सकाळी ते आले. आधी ते खूप हसले. मग त्यांनी नियमांचे पुस्तक मागितले आणि तासभर वाचत बसले. नियम ४१ च्या खंड (ड) मध्ये त्यांना असे सापडले: विभागाच्याच कर्मचाऱ्याच्या हातून दहापेक्षा जास्त संरक्षित जीव मारले गेल्याची कबुली किंवा तक्रार आली, तर त्या तारखेपासून संपूर्ण क्षेत्र सर्व बोटींना बंद करावे, आणि चौकशीचा अंतिम अहवाल स्वीकारला जाईपर्यंत ते उघडू नये. माशाचा दर्जा उतरवला, पण या नियमाच्या यादीतून त्याचे नाव काढायचे राहून गेले आहे. ते अजून तिथे आहे. दीर म्हणाले, "वहिनी, खरं सांगून मासे वाचत नसतील, तर गुन्हा कबूल करून वाचतील. पण नोकरी जाईल, आणि मी तुम्हाला सोडवू शकेनच असं नाही." माझे यजमान स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून हे ऐकत होते. आत जाऊन त्यांनी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या मोजून डबीत भरल्या आणि डबी माझ्या पिशवीत ठेवली.

१२. सबब मी, खाली सही करणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय कबूल करते की आपल्या कार्यालयीन नोंदीतील एकावन्न माशांपैकी तेहतीस मासे मी मारले. एकटीने मारले. त्यांची प्रेते, हाडे, खवले किंवा रक्त कुठेही मिळणार नाही, इतक्या सफाईने मारले. त्यातला एकही कोणी जिवंत पाहिला होता असा साक्षीदार मिळणार नाही. हत्यार कोणते वापरले हे चौकशी समितीने शोधावे, मी सर्व सहकार्य करीन. आपल्या ज्ञापनास हाच माझा खुलासा समजावा.

१३. आता आपल्यासमोर दोनच गोष्टी आहेत. पहिली, परिच्छेद १ ते ११ खरे मानावेत. मग ते तेहतीस मासे कधी नव्हतेच, संख्या अठरा, तीसच्या खाली, आणि आपल्याच नियमाने परवाने आजच रद्द होतात. दुसरी, परिच्छेद १२ खरा मानावा. मग संख्या एकावन्न होती, मी गुन्हेगार आहे, आणि आपल्याच नियमाने क्षेत्र आजच बंद होते. दोन्हीही खोटे म्हणायचे असेल तर ज्ञापन मागे घ्यावे लागेल, आणि ते मागे घेताना तेहतीस मासे कुठे गेले हे मोजणी अधिकाऱ्यांना लिहून द्यावे लागेल. माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, आपण दुसरी गोष्ट निवडाल. पहिलीत सत्कार परत करावा लागतो. माझी काही तक्रार नाही. निलंबन, पोलीस, जे काही असेल ते यथावकाश करावे, मी दिवसा तळघरात आणि रात्री घरी असते. घाई फक्त एका कागदाची आहे. क्षेत्र बंद केल्याचा आदेश एक तारखेला बोटी सुटण्याआधी धक्क्यावर पोचला पाहिजे. तो टपालाने पाठवू नये. कप्तान तो इथून हातोहात न्यायला तयार आहे, उद्या सकाळपासून तो खालच्या बाकावर बसून राहील.

१४. शेवटची विनंती चौकशीबद्दल आहे. तळघराच्या जिन्यावरचा दिवा कोणी फोडला याची चौकशी आपल्याकडे नऊ वर्षे चालू आहे. चार चौकशी अधिकारी निवृत्त झाले, घोंगडे भिजत पडले आहे आणि आम्ही भिंत चाचपत उतरतो. माझी चौकशी कृपया त्याच समितीकडे द्यावी. गेल्या हंगामाच्या चित्रीकरणात डावी-११ चे पोट फुगलेले दिसते. मी ते तीन जुन्या चित्रांशी ताडून पाहिले आहे, ती गाभण आहे. अभ्यासक सांगतात की या माशाची मादी सुमारे पाच वर्षे पिल्ले पोटात वागवते. तिचे पहिले वर्ष आता सरत आले असावे. त्यामुळे निदान चार वर्षे तरी अंतिम अहवाल येऊ नये, समितीने मुदतवाढ मागितली की द्यावी, कागद गहाळ झाले तर होऊ द्यावेत. तोवर मला जिथे ठेवाल तिथे मी थांबेन.

अजूनही आपली नम्र,

(सही)
चित्र-जुळवणी सहायक,
खोल समुद्र नोंद विभाग

सोबत:
१. सहा अर्जांच्या पोचपावत्या.
२. मृत मादीची दोन चित्रे, मासा एक.
३. प्रशस्तिपत्र, परत.
४. परिच्छेद १२ मधील कबुली, स्वतंत्र कागदावर. साक्षीदार: अर्जदाराचे धाकटे दीर आणि बोटीचे कप्तान. कप्तानाने सही करण्यापूर्वी मजकूर पूर्ण वाचला आणि या वेळी हरकत घेतली नाही.